तेरा ते सतरा सप्टेंबर : मराठवाड्यातले पाच दिवस

आईचे माहेर धाराशिव तालुक्यातले. लग्न होऊन ती पुण्यात आली त्याला पन्नास वर्षे होऊन गेली आणि तिच्या बोलण्यातले 'आलाव', 'जेवलाव' पुण्याने केव्हाच पुसून टाकले. तरी एखाद्या समारंभात कोणी 'मराठवाडा म्हणजे दुष्काळ' असे सहज बोलून गेले, की ती आजही ताट बाजूला सारून उत्तर देते. उत्तर ठरलेले असते : मराठीतला पहिला ग्रंथ कुठला, संत कुठले, भोसल्यांचे गाव कुठले. गेल्या सप्टेंबरात मी तिला म्हटले, हे सगळे एकदा मला दाखव. तारखा तिनेच ठरवल्या, १३ ते १७. 'पोलीस अॅक्शन' म्हणून भारतीय फौजा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात शिरल्या तो १३ सप्टेंबर १९४८ आणि निजामाने शस्त्रे खाली ठेवली तो १७ सप्टेंबर. शेवटच्या दिवशी तिला माहेरच्या झेंडावंदनाला उभे राहायचे होते.

निघताना मी एक लहान वही सोबत घेतली. जो कोणी आपल्या गावाचा इतिहास सांगेल, त्याच्या तोंडून पहिले साल कोणते निघते, एवढेच तीत टिपायचे असे ठरवले होते. ही कल्पना मला शालेय पुस्तकांवरून सुचली. आईच्या आणि माझ्या शाळेत पस्तीस वर्षांचे अंतर, तरी दोघींनाही आठवतो तो मराठवाडा सारखाच : यादवांच्या धड्यात तो येतो, नंतर गोष्ट सह्याद्रीवर चढते आणि मराठवाडा एकदम १९४८ साली, मुक्त होण्यासाठी, परत दिसतो.

१३ सप्टेंबर : छत्रपती संभाजीनगर

पुण्याहून भाड्याच्या गाडीने दुपारी पोहोचलो. जेवून लगेच पाणचक्की गाठली. भिंतीच्या कडेवरून हौदात कोसळणारे पाणी, काळे मासे, प्रचंड वड आणि दर्ग्याच्या आवारातली थंडावलेली दुपार. हे दृश्य छायाचित्रांत पाहून जुने झालेले असले तरी पाण्याचा आवाज छायाचित्रात येत नाही. डोंगराकडून जमिनीखालच्या खापरी नळांतून आलेले पाणी उंच भिंतीत चढवायचे, तिथून खाली सोडून जात्याचे चक्र फिरवायचे आणि फकिरांसाठी व वाटसरूंसाठी पीठ दळायचे, अशी ही योजना.

हौदाच्या काठावर एक निवृत्त शिक्षक बसले होते. जुन्या शहरातच वाढलेले, मराठी स्वच्छ, मधेच दखनीची झाक. माझ्या प्रश्नाला त्यांनी क्षणाचाही वेळ न लावता उत्तर दिले : १६१०. त्या साली मलिक अंबरने खडकी या खेड्याच्या जागी राजधानी वसवली आणि पुढे डोंगरातले पाणी नहरीने गावात खेळवले. इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि मोगलांना त्याने आयुष्यभर दख्खनमध्ये सुखाने बसू दिले नाही. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. गुरुजी सांगत होते आणि आई मान डोलवत होती. शहाजीराजांचे नाव आल्यावर तिची मान अधिक जोरात हलली. "पण पाणचक्की अंबरची नाही हं," गुरुजी म्हणाले, "ती त्याच्या नंतरची, तिची नहरही वेगळी. इथे येणारा प्रत्येक गाइड ती अंबरच्या नावावर घालतो. माणूस मोठा झाला की जवळपासचं सगळं बांधकाम त्याचंच होतं."

गावाच्या नावांचा विषय निघणे अटळ होते. खडकी, मग अंबरच्या मुलाच्या, फतेहखानाच्या, नावाने फतेहनगर, मग औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. आईच्या तोंडी सवयीने 'औरंगाबाद' येते आणि मग ती स्वतःच जीभ चावते. गुरुजींनी त्यावर काही मत दिले नाही. आपल्या घरी अजूनही नहरीचे पाणी येत असे तेव्हाची चव कशी होती, याबद्दल मात्र ते बराच वेळ बोलले.

संध्याकाळी बीबी का मकबरा बाहेरूनच पाहिला, कारण आईचे गुडघे आणि पावसाची सर दोन्ही एकाच वेळी आले. रात्री मी नान-खलिया खाण्याचा हट्ट पुरा केला. तुघलकाने दिल्ली इकडे हलवली तेव्हा लष्कराच्या मुदपाकखान्यातून हा पदार्थ आला, असे इथे सांगतात. खरे असो वा नसो, हळदीने पिवळा झालेला तो नान रश्शात बुडवल्यावर विरघळत नाही, हे त्याच्या लष्करी मुळाला शोभणारे आहे. शाकाहारी आईने समोर बसून इमरती खाल्ली आणि रश्शाच्या तवंगाकडे पाहायचे टाळले.

(ज्यांना पाणचक्की वाहती पाहायची आहे त्यांनी पावसाळ्याच्या अखेरीस जावे. उन्हाळ्यात गेलेल्यांनी कोरडा हौद पाहून केलेल्या तक्रारी मी ऐकल्या आहेत.)

१४ सप्टेंबर : देवगिरी, खुलताबाद, वेरूळ

सकाळी साडेसातलाच दौलताबादच्या दरवाजात उभे राहिलो. पाऊस नुकताच थांबला होता आणि किल्ल्याचा कातळ कमरेपर्यंत धुक्यात होता. आई हत्ती हौदापाशी बसली; वर चढण्यासाठी मी एका तरुण वाटाड्याला सोबत घेतले. त्याची सुरुवात होती ११८७ : यादव राजा पाचवा भिल्लम आणि देवगिरीची राजधानी. त्यानंतर महादेव, रामचंद्रदेव, हेमाद्री पंडित, मोडी, हेमाडपंती मंदिरे हे सगळे त्याने ज्या अभिमानाने सांगितले त्याला तोड नव्हती. मग १२९६ : अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, युवराज शंकरदेव सैन्यासह दूर गेला होता आणि किल्ल्यात धान्य समजून जी पोती आणली गेली त्यांत मीठ निघाले. मिठाच्या पोत्यांची ही कथा सांगताना त्याचा आवाज खाली आला, जणू ते पोते कालच उघडले होते. १३१८ मध्ये हरपालदेवाच्या निर्घृण वधाने त्याने राज्य संपवले, तुघलकाची फजिती एका वाक्यात उरकली आणि अंधारीच्या तोंडाशी येऊन टॉर्च लावला.

अंधारी पाहण्यासारखी आहे, म्हणजे खरे तर न दिसण्यासारखी. कातळातून वळत वर जाणारा भुयारी मार्ग, पायऱ्या मुद्दाम उंच-सखल, मध्ये फसव्या वाटा, डोक्यावर वटवाघळे आणि नाकात त्यांचा उग्र वास. शत्रूला आपल्याच माणसांवर वार करायला लावणारी ही रचना यादवांची, असे तो म्हणाला. मात्र आज दिसणारे तट, खंदकावरची व्यवस्था, तोफा आणि बुरूज यांत बहमनी, निजामशाही आणि मोगल असे थरावर थर आहेत. मेंढ्याच्या तोंडाची ती प्रसिद्ध तोफ यादवांच्या काळात असणे शक्यच नव्हते. चाँद मिनार पंधराव्या शतकातला, बहमनी सुलतानाचा. वाटाड्याला हे ठाऊक होते. विचारल्यावर त्याने नीट सांगितलेही. आपणहून मात्र सांगितले नाही.

उतरताना भारतमाता मंदिरात गेलो. यादवकालीन मंदिरांचे खांब वापरून खिलजींच्या काळात उभी राहिलेली ही विस्तीर्ण मशीद. १९४८ नंतर तिच्यात भारतमातेची मूर्ती बसवली गेली. खांबांच्या रांगा पाहत उभे राहिले की एका छपराखाली तीन इतिहास दिसतात. वाटाड्याने इथे परत साल उच्चारले : १९४८. माझ्या वहीत १३१८ च्या खाली सरळ १९४८ लिहिले गेले, आणि मधली ६३० वर्षे आम्ही दोघांनी पायऱ्या चढण्या-उतरण्यात घालवली होती.

त्याच किल्ल्यात जनार्दनस्वामींचे स्थान आहे. ते देवगिरीचे किल्लेदार, निजामशाहीचे चाकर आणि संत एकनाथांचे गुरू. पैठणचा बारा वर्षांचा मुलगा गुरूच्या शोधात इथवर आला, ही कथा मराठवाड्यात प्रत्येकाला पाठ असते. ज्या काळाला आपण गोष्टीतून वगळतो त्याच काळात, त्याच सुलतानांच्या किल्ल्यात, आपला सर्वांत अभिमानाचा ठेवा घडत होता. वगळायचे म्हटले तर नाथांनाही वगळावे लागेल. हे मी आईला सांगितले. ती म्हणाली, "नाथांचं काय ते वेगळं." मी वाद घातला नाही, कारण सीताफळे समोर आली होती. हंगाम नुकताच लागला होता. दौलताबादच्या पायथ्याला टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायका हाताने दाबून आज खायचे आणि उद्या खायचे अशी दोन वेगळी फळे काढून देतात.

खुलताबादला, जुन्या लोकांच्या भाषेत रौझ्याला, चढताना आई गप्प झाली. औरंगजेबाच्या कबरीपाशी ती गाडीतून उतरली नाही. "संभाजीराजांचे जे केले ते आठवते," एवढेच म्हणाली. मी एकटी गेले. बाहेर पोलीस होते, नाव-पत्ता लिहून घेतला. शेख झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात उघड्यावर मातीची कबर, वर सब्जाचे रोप, भोवती लॉर्ड कर्झनच्या वेळी बसवलेली संगमरवरी जाळी. अर्धे आयुष्य दख्खन जिंकण्यात घालवून १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेलेला बादशहा इथे पुरला आहे. मराठे संपले नाहीत, तो संपला. माझ्या मते मराठ्यांच्या अभिमानाला याहून भक्कम पुरावा कोणत्याही पुतळ्यात सापडणार नाही, आणि तो जागच्या जागी असण्यातच त्याचे मोल आहे. दर्ग्यातल्या वृद्ध सेवेकऱ्याला मी माझा प्रश्न विचारला. तो बादशहापासून सुरू करील असे वाटले होते. त्याने सुरुवात केली ती १३०९ पासून : सूफी संत जरजरी जरबक्ष यांच्या निधनाचे साल. सूफींच्या चौदाशे पालख्या या डोंगरावर आल्या, ही त्याची गोष्ट. औरंगजेब तिच्यात फार उशिरा येतो, तोही पीराच्या पायाशी जागा मागायला.

येताना मी ड्रायव्हरला मलिक अंबरच्या मकबऱ्याकडे गाडी घ्यायला सांगितली. तिथे पोलीस नव्हते, फुले नव्हती, माणूसही नव्हता. गवतात दोन शेळ्या. इथे मात्र आई उतरली आणि चपला काढून उभी राहिली.

वेरूळबद्दल लिहिणाऱ्यांची कमी नाही, म्हणून कैलास लेण्यापुढे आम्ही तीन तास कसे घालवले ते सांगत नाही. (लेणी मंगळवारी बंद असतात, ज्येष्ठांसाठी आवारात छोट्या गाड्या मिळतात, त्यांची चौकशी तिकीट घेतानाच करावी.) घृष्णेश्वराच्या आधी मालोजीराजे भोसल्यांच्या गढीच्या जागी आई जरा जास्त थांबली. शिवरायांचे आजोबा या गावचे. तेही निजामशाहीचे सरदार.

१५ सप्टेंबर : पैठण

पैठणला वहीतले साल एकदम दोन हजार वर्षे मागे गेले. नाथांच्या वाड्यात दर्शन झाल्यावर भेटलेल्या गुरुजींनी शालिवाहन शकापासून सुरुवात केली : कुंभाराच्या घरी वाढलेल्या शालिवाहनाने मातीचे सैन्य जिवंत केले आणि शक सुरू झाला, तो इ. स. ७८. आपण लग्नपत्रिकेवर लिहितो तो शक याच गावचा, हे सांगताना त्यांनी जमिनीवर बोट टेकवले. इतिहासाचे बहुतेक अभ्यासक या शकाचे नाते कुषाणांशी आणि पश्चिमी क्षत्रपांशी जोडतात, सातवाहनांशी नव्हे; पण हे त्या अंगणात सांगायचे धाडस मला झाले नाही. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच, याबद्दल मात्र वाद नाही, आणि तेवढे कोणत्याही गावाला पुरेसे असावे.

वाद निघाला तो दुसऱ्याच कोपऱ्यातून. पैठणी विणण्याच्या केंद्रात तेलंगणातल्या करीमनगरचे एक कुटुंब आले होते. विणकर बाई मागावर पदर विणत होत्या. प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी, ताण्याच्या धाग्यांतून बोटांनी पुढे-मागे काढलेली, एका ओळीत तीस-चाळीस कांड्या लोंबत होत्या आणि मोराची मान एका तासात बोटाच्या पेराएवढीसुद्धा पुढे सरकत नव्हती. उलटी बाजू दाखवत त्या म्हणाल्या, "बघा, धागा लोंबतो का कुठं? लोंबला तर ती पैठणी नव्हं." करीमनगरच्या गृहस्थांना हिंदीत मी सातवाहनांचे पैठण असे काहीसे म्हणाले, तर ते हसले. "सातवाहन आमचे. आमच्या गावच्या विद्यापीठाचे नावच सातवाहन विद्यापीठ आहे. पुराणे त्यांना आंध्र म्हणतात." कोटिलिंगाल येथे सापडलेली नाणी, अमरावतीचा स्तूप, सगळे त्यांनी सांगितले. आई संतापेल असे वाटले, पण ती म्हणाली, "राजधानी कुठं होती विचार त्यांना." मी विचारले. त्यांनी उत्तर दिले की पहिली राजधानी कुठे होती यावरच तर वाद आहे. शेवटी दोघांनी एकाच दुकानातून पैठणी घेतली. त्यांची मोराची, आईची आसावलीची.

दुपारी नाथसागर पाहिला. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालेले जायकवाडी धरण, सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे. धरण तुडुंब होते आणि काही दरवाज्यांतून पाणी सुटले होते. भिंतीवर उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याला मी साल विचारले तेव्हा त्याने इतिहासाचा प्रश्न म्हणून तो घेतलाच नाही. वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायला न्यायालयात जावे लागले ती वर्षे त्याला तोंडपाठ होती. मराठवाड्याचा अभिमान आणि मराठवाड्याची तक्रार एकाच नळातून वाहतात हे तिथे कळले; १९५६ साली हा भाग बिनशर्त द्विभाषिक मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात, आला, हे वाक्य मला या पाच दिवसांत चार वेळा ऐकायला मिळाले आणि चारही वेळा त्यात 'बिनशर्त' या शब्दावर जोर होता.

बीडकडे निघालो. मांजरसुंब्याच्या घाटाआधी असा पाऊस लागला की वायपर निरुपयोगी झाले. एका चहाच्या टपरीत तासभर अडकलो. शेजारच्या सोयाबीनच्या शेतात पाणी साचून शेंगा काळ्या पडू लागल्या होत्या आणि टपरीवाला दूध आटवता आटवता विम्याच्या पंचनाम्याबद्दल बोलत होता. रात्री नऊ वाजता अंबाजोगाई.

१६ सप्टेंबर : अंबाजोगाई आणि तेर

सकाळी न्याहारीला सुशीला मिळाली. भिजवून पिळलेल्या मुरमुऱ्यांची, शेंगदाण्यांचा कूट, हिरवी मिरची आणि वर लिंबू; पुण्यात ही मागितली तर लोक मुलीचे नाव समजतात. आईने दोन बशा खाल्ल्या.

योगेश्वरीचे दर्शन घेऊन मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरलो. बालाघाटच्या रांगेत खोल दरी, वरून झिरपणारे पाणी आणि पायऱ्यांवर शेवाळ. (पावसाळ्यात इथे रबरी तळव्याची चप्पल घालून जाऊ नये, मी घसरले, हातावर निभावले.) 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे ११८८ चा; मराठीतले आद्य कवी इथे विसावले, हाच आईच्या उत्तरातला 'पहिला ग्रंथ'. तिथे पोथी वाचत बसलेल्या एका काकांना मी विदर्भातल्या अंभोऱ्याबद्दल विचारले. भंडारा-नागपूरच्या सीमेवर वैनगंगेच्या काठी अंभोरा आहे, आणि ग्रंथ तिथे लिहिला गेला असे विदर्भातले अभ्यासक मानतात. ग्रंथातला 'अंबानगरी'चा उल्लेख दोन्ही गावे आपल्याकडे ओढतात. काकांनी पोथी मिटली. "समाधी कुठंय?" त्यांनी विचारले. इथे, असे मी म्हणाले. "मग झालं की." विदर्भातही एखादे काका असेच पोथी मिटून 'नदी कुठंय?' विचारत असतील, हे माझ्या मनात आले, पण बोलले नाही.

याच गावाला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत. इथे निजामाच्या घोडदळाची छावणी होती. ते नाव गेल्याचे कोणाला सुख-दुःख उरलेले नाही. रिक्षावाल्याला मी 'मोमिनाबाद' म्हणून पाहिले, तर त्याने तो एखादा मोहल्ला असावा म्हणून दुसऱ्या रिक्षावाल्याला विचारले. गावात स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मात्र जागोजाग. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व हाती घेण्याआधी ते इथल्या योगेश्वरी शाळेत शिक्षक होते. त्यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. मराठवाड्याने त्यांना इतके आपले केले आहे की हे सांगितल्यावर लोक थोडे नाराज होतात.

लातूरमार्गे तेरला पोहोचेपर्यंत चार वाजले. सगळ्या प्रवासात मला सर्वांत आवडलेले ठिकाण हे, आणि सर्वांत कमी गर्दीचेही हेच. प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेले तगर हे व्यापारी गाव येते. तेच हे तेर. त्रिविक्रम मंदिर आतून पाहिले की विटांचे गजपृष्ठाकार छत दिसते : मुळात बौद्ध चैत्य, पुढे विष्णूचे मंदिर, आजही पूजेत असलेले. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या शेतांतून, पांढरीच्या मातीतून जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय जवळच आहे. काचेमागे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती, बोटभर लांब, कमरेला साखळ्या, केसांत फुले. हिची जवळची बहीण इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. तगरचा माल रोमपर्यंत जात होता, हे तिच्याकडे पाहताना पटते.

संग्रहालयाच्या दारात बसलेल्या आजीबाईंना मी साल विचारले. त्यांनी गोरोबाकाकांचे नाव घेतले, साल नाही. "काका चिखल तुडवत हुते, पोर पायाखाली आलं," असे सुरू करून त्यांनी पूर्ण कथा सांगितली, मधेच डोळे पुसले आणि शेवटी संग्रहालय कधी बंद होते ते सांगितले. रोमचा विषय निघाला नाही.

१७ सप्टेंबर : माहेर

गावात आदल्या रात्री पोहोचलो होतो. आईचे मामा, वय ९२, ओसरीवर पलंगावर. त्यांनी आईचा हात हातात घेऊन "आलाव का? लई दिसानं," एवढे म्हटले आणि आईचे पुणे एका क्षणात गळून पडले, त्यानंतर निघेपर्यंत ती जी भाषा बोलली ती मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. रात्री येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचे शेंगोळे. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचा आणि मसाल्याचा पीठवजा साठवणीचा मसाला. लग्नाच्या आमटीला लागतोच.

सकाळी शाळेच्या मैदानात चिखल होता, म्हणून फरसबंदीवरच झेंडा चढवला. भाषण १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीपासून सुरू झाले, निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार आणि त्यांचा नेता कासीम रझवी, सरहद्दीवरची स्वातंत्र्यसैनिकांची कॅम्पे, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांची जाळपोळ अशी पावले टाकत १७ सप्टेंबरला पोहोचले आणि टाळ्यांत संपले. वक्ता तरुण होता आणि चांगला बोलला. त्याच दिवशी शेजारच्या कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव असतो आणि तेलंगणात हा दिवस कोणत्या नावाने पाळायचा हे सरकार बदलले की बदलते. एकाच राज्याच्या शेवटाला तीन राज्यांत तीन नावे.

परत आल्यावर मामाआजोबांनी विचारले, "काय सांगितलं आज?" मी थोडक्यात सांगितले. ते १९४८ साली पंधरा वर्षांचे होते. रझाकारांनी शेजारचे गाव लुटले ते त्यांनी पाहिले होते. बायका-मुले ज्वारीच्या शेतात लपली होती, त्यांत त्यांची आई होती. हे सांगताना त्यांचा आवाज चढला. मग ते थांबले. "पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावरचं नाही सांगत कुणी," ते म्हणाले. फौज पुढे गेली आणि मागे राहिलेल्यांनी हिशेब चुकते केले, ते रझाकारांशी नव्हे, रझाकार पळून गेले होते. तांबोळ्याचे घर, पिंजाऱ्याचे घर, शाळेत उर्दू शिकवणारे मास्तर. विहीर कोणती ते त्यांनी हाताने दाखवले. आईने हे प्रथमच ऐकले. तिला माहीत होती ती विहीर 'वापरात नाही' म्हणून.

पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस या मुलखात फिरून अहवाल दिला होता. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर सगळ्या राज्यात मिळून सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत असा त्यांचा अंदाज होता, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत हा जिल्हा होता. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. गावाला अहवालाची गरज नव्हती; गावाने विहीर बुजवली. मला मुक्तिसंग्रामाचा अभिमान सोडावासा वाटत नाही, आणि मामाआजोबांनाही वाटत नसावा, कारण सकाळी त्यांनी पलंगावरूनच झेंड्याला हात जोडले होते. गोष्ट टाळ्यांच्या जागी न थांबवता दोन आठवडे पुढे सांगावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते सांगायला त्यांना ऐकणारे कोणी मिळाले नव्हते.

मी वही काढली आणि विचारले, आजोबा, तुम्ही आपल्या गावाची गोष्ट कोणत्या सालापासून सांगाल? ते विचारात पडले. मग त्यांनी सुनेला देवघरातली डबी आणायला सांगितली. आत फडक्यात गुंडाळलेला चांदीचा रुपया होता, एका बाजूला चारमिनार, दुसरीकडे फारसी अक्षरे. निजामाचा हाली सिक्का. इंग्रजी मुलखातला तो कलदार आणि इथला तो हाली. बाजाराला बार्शीला गेले की बदलून घ्यावा लागे आणि त्यात तोटा होई, असे त्यांनी सांगितले. "हे बंद झालं तवा बापानं सगळे मोडले, येक ठिवला. मी पुसलं, ह्यो कशाला? तर म्हणला, वावराचा पहिला शेतसारा ह्याच्यात भरला हुता."

साल त्यांना आठवत नव्हते. नाण्यावर हिजरी आकडे होते, ते आम्हा तिघांपैकी कोणालाच वाचता आले नाहीत. आजोबांनी रुपया माझ्या तळहातावर ठेवला, वजन बघ म्हणाले, आणि परत फडक्यात गुंडाळला.

दुपारी दोनला निघालो. सुनेने किलोभर येसर बांधून दिला, त्याचा वास पुण्यापर्यंत गाडीत होता.